बर्फाखाली निजविलेल्या झाडांची बखर

जिच्या कृपेने दगडासही पालवी फुटे त्या अन्नपूर्णेस वंदून हे लिहिले. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, उत्तरेचे टोकास एक राज्य होते, जेथे चुलीवरून उतरलेली पेज पानात पडेतो निवे. त्या प्रांताचे सुभेदार गोंदजी शेलार, मर्द माणूस, परंतु पायाला भिंगरी, एके जागी ठरणे ठाऊक नाही, आणि त्यांचे मागे कुटुंब साळूबाईसाहेब यांनी संसार किती वेळा मोडून बैलांवर घातला त्यास गणती नाही. मग राजआज्ञा आली की, येते उन्हाळी या मुलखाचे फळ देवीचे नैवेद्यास न पोहोचले तर वस्ती उठवावी. बाईसाहेब बोलिल्या, "आता बोचकी बांधणे माझ्याने होणार नाही. आपण जावे, मी येथेच राहीन." 

उभे झाड तेथे वारा मारी, म्हणोन मुलखाचे रीतीने सफरचंदाची व जर्दाळूची खोडे कोवळेपणीच जमिनीसरशी वाकवून निजविली होती, आणि आता तिसरे हिवाळी बर्फ पडोन त्यांवर दुलई जाली. जुनी रयत म्हणे, आता उकरू नये. परंतु सुभेदारांस चैन कोठले? उठावे, ओढ्याचे अलीकडील बागेत जावे, बर्फ उकरावा, नखाने साल खरडावी, आत हिरवे दिसले की बर्फ पुन्हा लोटावा, आणि घरी येऊन घास घेतात तोच पुन्हा जीव खालीवर व्हावा. एके दिवशी ओढ्यावरील बर्फात पाय मुरगळला, मग पलीकडील जर्दाळू आणि तांबड्या बोरांची झुडपे पाहणे बाईसाहेबांकडे आले. त्या काठी टेकीत जात, येऊन म्हणत, "पाहिले. कुशल आहे." मग सुभेदार क्षणभर निजत.

वसंती बर्फ वितळला आणि अलीकडील बाग सारी काळी, बोट लाविता कटकन मोडे. सुभेदार मटकन खाली बसले, रडले, लोकांनी देखिले. मग लंगडत ओढा उतरले, तो पलीकडे जर्दाळूस फूल आणि झुडपांस कळी. उन्हाळी करंड्या भरोन नैवेद्यास गेल्या आणि वस्ती राहिली.

मग सुभेदारांनी पुसिले की, उकरूनही तुमची कशी जगली? बाईसाहेब म्हणाल्या, "मी एकदाही उकरले नाही. ओढ्याचे काठावर उभी राहून परत येत होते. आत मेलेली दिसती तर आपणांस सांगण्यास तोंड कोठून आणू?"

"म्हणजे हिवाळाभर खोटे बोललात?"

"आपण खरे पाहिलेत, त्याचे काय जाले?"



तात्पर्य, फळ आले, वस्ती टिकली, सुभेदारांची तळमळ मात्र गेली नाही. पुढील हिवाळ्यात ते नित्य ओढ्यापर्यंत जात, हात पाठीमागे बांधून उभे राहत, आणि तसेच घरी येत.