एक बोल्ट निघाला, तीन राहिले

गाडीचं इंजिन उतरवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! निदान त्या शनिवारी सकाळी नऊपर्यंत तरी होता.

गाडी सासऱ्यांची. ते गुडघे शेकायला गरम झऱ्यांवर गेले आणि किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. मी चाचाक गावच्या बाजारातून चाळीस किलो लाल मिरच्या भरून आणत होतो. इंजिनाच्या तापमानाच्या काट्याने लाल रेघ ओलांडली, तरी मी आपला गाणी ऐकतोय! दारात पोचलो आणि इंजिन जाम. भंगारवाल्याकडून दुसरं आणलं. सासरे रविवारी येणार, त्याआधी अदलाबदल केली की कुणाला पत्ता लागतोय!

“दोन तासांचं काम,” मी बायकोला म्हणालो.

“माझ्या मिरच्यांपासून लांब कर म्हणजे झालं,” स्लावित्सा म्हणाली. ती अंगणात चुलीवर मिरच्या भाजत होती.

गाडी ऑटोमॅटिक. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक जाडजूड डबा असतो, चार बोल्टांनी इंजिनाला जखडलेला. खालच्या झरोक्यातून एका वेळी एकच बोल्ट दिसतो. तो काढायचा, इंजिन थोडं फिरवायचं, की दुसरा हजर. पहिला मी चुटकीसरशी काढला! मग इंजिन फिरवायला गेलो, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला: जाम झालेलं इंजिन फिरणार कसं?

शेजारचे झिवादिनकाका, रिटायर्ड पोस्टमन, चार हात लांब पाइप घेऊन धावून आले. पान्याला पाइप लावून आम्ही दोघं वटवाघळांसारखे लोंबकळलो. पाना वाकला, इंजिन ढिम्म!

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. “काय जावईबापू, गाडी फिरवतोस ना अधूनमधून?”

“सकाळपासून तेच चाललंय, बाबा!”

“जास्त जोर लावू नकोस हं. आणि ऐक, इथलं जेवण अळणी आहे. मी आजच बसने निघतोय, संध्याकाळपर्यंत पोचतो!”

मी फोन ठेवला आणि काकांकडे पाहिलं.

“दोन्ही एकदमच उपटू,” काका म्हणाले. “इंजिन, गिअरबॉक्स, सगळं लटांबर!”

अक्रोडाच्या फांदीला चेनकप्पी बांधली. संध्याकाळ होता होता ते धूड गाडीच्या पोटातून बाहेर आलं आणि हवेत झुलू लागलं. आम्ही टाळ्या पिटल्या. फांदीने कडकन आवाज केला.

“मिरच्या!” स्लावित्सा किंचाळली.

धप्प! सोललेल्या मिरच्यांचं घमेलं सपाट! आम्ही तिघंही टोमॅटोच्या भाजीसारखे लालेलाल. डोळे पुसत मी इंजिनाच्या तोंडाशी असलेली पुली धरून उठायला गेलो, तर ती गर्रकन फिरली. त्या आदळण्याने इंजिन सुटलं होतं! उरलेले तीन बोल्ट झरोक्यात एकामागून एक शहाण्या मुलांसारखे येऊन उभे राहिले.

“फिरलं! काका, फिरलं!” मी नाचायला लागलो.

फाटकात सासरे उभे होते, हातात पिशवी. ते हळूहळू चालत आले. त्यांनी एका हाताने पुली फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली.

“छान फिरतंय की,” ते म्हणाले. “मग बाहेर का काढलंस?”

मी खाली वाकून मिरच्या वेचायला लागलो.