सीटचा रंग विलायती

माकणीच्या अमरसिंहांनी टेंपोतून लाल मोटार उतरवली, तेव्हा शिवपुत्रनं आधी हात धुतले आणि मगच तो तिच्याजवळ गेला. मुरुमच्या बाजारपेठेत त्याचं सीट कव्हरचं दुकान होतं. ट्रॅक्टर, जीप आणि मोटारसायकलींच्या सीट शिवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. पण दोनच माणसांची, बिनछपराची, कमरेएवढी बसकी शर्यतीची गाडी त्यानं फक्त चित्रात पाहिली होती. साठ वर्षांपूर्वीची ही गाडी अमरसिंहांनी हैदराबादच्या एका घराण्याकडून आणली होती.

“सगळं व्हतं तसं पाहिजे,” अमरसिंह म्हणाले. “कापड बी असल विलायती. दोन महिन्यांनी पुण्यात जुन्या गाड्यांचा मेळावा हाय.”

शिवपुत्रनं एक सीट सोडवून उसवायला घेतली. वर काळं रेक्झिन निघालं, त्याखाली तपकिरी, आणि त्याच्याही खाली विरून गेलेलं जाडसर कापड. फक्त मागच्या घडीत, जिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथं तळहाताएवढा तुकडा शाबूत होता. हिरवा म्हणावं तर निळा आणि निळा म्हणावं तर हिरवा. दुकानात जमलेली माणसं पुढं वाकली. साठ वर्षं तो रंग त्या अंधारात तसाच बसून होता.

“रामा कलर हाय,” शिवपुत्रची बायको महेश्वरी म्हणाली.

“मोरपंखी,” शेजारचा पानवाला म्हणाला.

“इंग्लंडचा रंग हाय, त्याला आपल्यात नाव नसतंय,” अमरसिंहांनी निकाल दिला. “असंच कापड हुडका. पण हा तुकडा कापायचा न्हाय.”

शिवपुत्रनं त्याचा फोटो काढून सोलापूरच्या व्यापाऱ्यांना पाठवला. एकाच्या फोनवर तो पोपटी दिसला, दुसऱ्याच्या फोनवर आकाशी. चार नमुने आले, एकही जुळेना. तुकडा कापायचा नाही आणि फोटोवर भरवसा नाही म्हटल्यावर एकच वाट उरली. सोमवारी सकाळी शिवपुत्र अख्खी सीट डोक्यावर घेऊन सोलापूरच्या एस.टी.त चढला.

कंडक्टरनं सीटकडे बराच वेळ पाहिलं.

“हे सामान हाय का सीट?”

“सीट हाय, पर सामान म्हणून.”

“मंग सामानाचं तिकीट घ्या आन् मागं ठेवा. कुनी बसलं तर मला सांगायचं न्हाय.”

गाडी खच्चून भरली होती. शिवपुत्रनं मागच्या मोकळ्या जागेत सीट टेकवली आणि तिच्यावर धोतराचं स्वच्छ पान अंथरून तो पहाऱ्यासारखा उभा राहिला. आलूरला शरणम्मा चढल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी. कुणी उठायच्या आत त्यांना ती मोकळी सीट दिसली आणि त्या तिच्यावर बसल्या. बसल्या म्हणजे आत गेल्या. सीट इतकी खोल होती की त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले.

“आज्जी, ही बसायची न्हाय,” शिवपुत्र काकुळतीला आला.

“मंग काय करायची असती?”

त्यानं हात दिला, दुसऱ्या एकानं दंड धरला, पण शरणम्मा काही वर येईनात. “ऱ्हाऊ दे बाबा,” त्या म्हणाल्या. “आठ वर्सांत माझी कंबर आज पहिल्यांदा गप बसली.” आणि त्यांनी डोळे मिटले.

ओढाताणीत धोतराचं पान सरकलं होतं. शरणम्मांच्या जुन्या लुगड्याचा पदर सीटच्या मागे लोंबत होता, बरोबर त्या तुकड्याशेजारी. शिवपुत्रनं पाहिलं. डोळे चोळून परत पाहिलं. मग खाली बसून त्यानं पदराचं टोक हळूच उचललं आणि तुकड्याला लावलं.

“ए, म्हातारीच्या पदराला काय हात लावतो?” पुढून एक बाई ओरडली.

सगळी एस.टी. मागे वळली. शिवपुत्र सांगू लागला की त्याला पदर नको, रंग हवा आहे. त्यानं लोक जास्तच चिडले. कंडक्टरनं घंटी मारली आणि ड्रायव्हरनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. “काय भानगड हाय ते उजेडात बघू,” म्हणत दोघांनी शरणम्मांसकट सीट उचलली आणि खाली लिंबाजवळच्या उन्हात ठेवली. शरणम्मांनी एवढ्यात डोळे उघडले, पण उठायचा प्रयत्न केला नाही.

उन्हात पदर तुकड्यावर ठेवला आणि पदर कुठं संपतो, तुकडा कुठं सुरू होतो, कळेना. मघाची ओरडणारी बाई वाकून पाहत राहिली. ड्रायव्हरनं चष्मा पुसून पाहिलं. चाळीस माणसं रस्त्याकडेला उभी होती आणि कुणी घाई करत नव्हतं.

“आज्जी, हे लुगडं कुठलं?” शिवपुत्रनं विचारलं.

“माझ्या भावानं विणलेलं. सोलापुरात असतो, शिवप्पा. त्याच्याकडंच चालले.”

पुढचा प्रवास शरणम्मांनी त्याच सीटवर केला आणि शिवपुत्रला आता त्याचं काही वाटलं नाही. सोलापुरात उतरल्यावर तो सीट घेऊन त्यांच्यामागोमाग शिवप्पांच्या घरी गेला. शिवप्पा ऐंशीच्या पुढचे. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. माग कोपऱ्यात उभा होता आणि त्यावर कपडे वाळत घातले होते. शिवपुत्रनं विलायती कापडाची हकीकत सांगितली. शिवप्पांनी तुकड्यावरून बोट फिरवलं, नखानं दोरे मोजले, कड उलटी करून तिच्यावर अंगठा ठेवला.

“इथं काठाला जोडदोरा लागतोय, दोन दोरे एकत्र. पिवळा हाय का बघ.”

शिवपुत्रनं वाकून पाहिलं. खरंच पिवळा होता.

“ही आमच्या अप्पांची, म्हंजे वडलांची खूण. निळीत बुडवून वर डाळिंबाच्या सालीचं पानी द्यायचे. असलं जाड कापड हैदराबादला गाद्या-तक्क्यांसाठी जायचं. कुनीतरी मोटारीला लावलं म्हणायचं.”

शिवपुत्रनं अमरसिंहांना फोन लावला. अमरसिंहांनी सगळी हकीकत त्याच्याकडून दोनदा वदवून घेतली. अख्ख्या तालुक्याला ‘इंग्लंडचं कापड’ म्हणून त्यांचं सांगून झालं होतं. संध्याकाळच्या आत अमरसिंह जीप घेऊन सोलापुरात हजर झाले. चप्पल बाहेर काढून आत आले, शिवप्पांशेजारी जमिनीवर बसले आणि स्वतःच्या बोटानं तो पिवळा दोरा चाचपला.

“मंग कंपनीचं कापड कसलं व्हतं?” त्यांनी हळूच विचारलं.

“ते मला काय ठावं? हे आमचं व्हतं.”

“परत विणाल?”

“हात चालतोय. रंग मात्र मला दिसत न्हाय, तो हिला दिसतो,” शिवप्पांनी बहिणीकडे मान वळवली. “चार महिने लागतील.”

मेळाव्याला दोन महिनेही उरले नव्हते. अमरसिंहांनी मागावरचे वाळत घातलेले कपडे स्वतः काढून घडी घालायला घेतले.

शरणम्मा आलूरला परत गेल्याच नाहीत. रोज परातीत रंग कालवून त्यात बुडवलेला दोरा त्या उन्हात पदराशेजारी धरायच्या आणि नाही म्हणायच्या. अकराव्या दिवशी व्हय म्हणाल्या. चौथा महिना सरता सरता कापड मुरुमला आलं. शिवपुत्रनं दार लावून आठ दिवस सीट शिवल्या. गाडी बाहेर काढली तेव्हा लोक इंजिनाकडे बघायचे सोडून सीटला हात लावावा की लावू नये, याचा विचार करत उभे राहिले.

पहिली फेरी शिवप्पांची, असं अमरसिंहांनीच ठरवलं आणि त्यांना सोलापूरहून मुरुमला आणलं. गाडी उमरग्याच्या रस्त्याला लागली. अमरसिंह वेग सांगत होते, गिअर समजावत होते. शिवप्पा मान हलवत होते, पण त्यांची बोटं मांडीशेजारच्या कापडावरून सारखी पुढं-मागं फिरत होती. पाचेक मैलांवर बोटं एका जागी थांबली.

“गाडी थांबवा.”

“काय झालं आज्जा? वारं लागतंय का?”

“इथं एक दोरा चुकलाय. कापडाचं हे पान उसवून काढायला सांगा, मी दुसरं विणतो.”

अमरसिंहांनी वाकून पाहिलं. त्यांना काहीच दिसलं नाही. त्यांनी शिवप्पांच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं, डोळे मिटले, तरी काही लागलं नाही.

“किती दिवस लागतील?” त्यांनी विचारलं.

“एक महिना.”

“बरं,” अमरसिंह म्हणाले आणि त्यांनी गाडी मुरुमकडे वळवली.