वजाबाकी न करणारे निमसे अण्णा

निमसे अण्णांना पाण्याचा तांब्या दिला तर ते आधी तांब्याकडे बघतात, मग आपल्याकडे, आणि विचारतात, "कुठून आलं?"

पहिल्यांदा मला वाटलं, माणूस सोवळ्याओवळ्याचा दिसतोय. म्हटलं, "नळाचंच आहे अण्णा, गाळलेलं."

"तसं नाय आक्का. हंड्यातनं आलं का माठातनं?"

"माठातनं."

"म्हंजे माठातलं गेलं, तांब्यात आलं. आता तांब्यातलं जाणार, माझ्यात येणार." मग घटाघटा प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "हा झाला पहिला धडा."

साठी उलटल्यावर मी ज्या शिकवणीला बसले, ती अशी सुरू झाली. पण मला शिकवणी का लागली ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीला भलतंच सुचलं.

आमचं गाव मुरबाडकडून टोकावड्याला जाताना लागतं. तिथे आम्हा बायकांचा बचत गट आहे, तो तांदूळ विकतो. भात घ्यायचं, भरडून आणायचं आणि समाजमंदिराशेजारच्या खोलीतून गावाला विकायचं. खोलीची चावी कमळकडे. कमळ गावाबाहेरच्या वाडीतली. पूर्वी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, पोरीची शाळा तिथंच तुटायची. चावी हातात आली, महिन्याचे चार पैसे मिळायला लागले, तेव्हापासून ती गावात राहते आणि पोरगी शाळेत जाते.

आणि नेमका तांदूळ कमी भरायला लागला. आला किती ते लिहिलेलं, विकला किती ते लिहिलेलं, पण खोलीत असायला हवा त्याच्यापेक्षा नेहमी कमीच. उंदीर असतील म्हणून पिंजरे लावले. उंदीर सापडले, तांदूळ काही सापडला नाही. मग एक दिवस गटातली सावित्री हळूच म्हणाली, "चावी कोनाकडं असते गो?" एवढंच म्हणाली. पुढचं बाकीच्यांनी आपापलं समजून घेतलं. ठरलं असं, की दिवाळीआधीच्या बैठकीत हिशेब जुळला तर बरं, नाहीतर चावी काढून घ्यायची.

आता हिशेब जुळवायचा कोणी? तर मी. आधीची हिशेबनीस मुलीच्या बाळंतपणाला बदलापूरला गेली ती तिकडचीच झाली, आणि मी रोज पेपर वाचते हे गावाला माहीत. पेपर वाचणं आणि हिशेब लिहिणं यात काय फरक आहे, हे कुणाला सांगून पटत नाही. कमळवर माझा भरवसा होता. पण बैठकीत उभं राहून नुसतं "माझा भरवसा आहे" म्हटलं तर कोण ऐकणार?

म्हणून मास्तर शोधायला निघाले. पहिला धरला तो माझा भाचा, कल्याणला असतो, बी.कॉम. झालाय. फोनवर म्हणाला, "मावशी, सोप्पंय गं, ॲप डाउनलोड कर." ते केलं. ॲपने मला इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं, आणि दोन दिवस फोनवर कर्जाच्या जाहिराती येत राहिल्या. मग मुरबाडला एका क्लासात गेले. टेबलाशी बसलेल्या पोरीने विचारलं, "आजी, नातवाचं ॲडमिशन का?" माझंच म्हटल्यावर तिने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. शेजारचा मुलगा सरकून बसला. त्या वर्गात सगळे पुढच्या धड्यावर होते आणि मी त्या उंदरावर हात कसा ठेवायचा यावर. दुसऱ्या दिवशी गेले नाही.

तेव्हा कुणीतरी निमसे अण्णांचं नाव सुचवलं. अण्णा जन्मभर शहापूरच्या एका भातगिरणीत मेहता होते, म्हणजे गिरणीच्या वह्या लिहायचे. आता गावात एकटे राहतात. दोन्ही कानांवर दोन पेनं. निळं पेन आल्याचं, लाल पेन गेल्याचं. कुणी विचारलं "अण्णा, एक पेन द्या जरा," तर विचारतात, "कशाला, आलंय का गेलंय?"

मी त्यांना सांगितलं, हिशेब शिकायचाय. का ते सांगितलं नाही. गटाची गोष्ट गटात राहावी.

"शिकवीन," म्हणाले. "पन तुमच्या गटाची वही माझ्यासमोर आणायची नाय. दुसऱ्याची वही आणि दुसऱ्याचं ताट, डोकवायचं नसतं. आणि पैसा मधे आणायचा नाय. पैसा आला का मानूस घाबरतं."

मग शिकायचं कशावर? घरातल्या वस्तूंवर. मीठ, रॉकेलची बाटली, सुकी मांदेली, केरसुणी. सकाळी अण्णांची सायकल दाराशी लागायची आणि आमचे हे मागच्या दाराने शेतावर पळायचे. ओटीवर अण्णा आणि मी.

"आक्का, मीठ कमी झालं. काय कराल?"

"उरलेलं मोजीन. होतं त्यातनं वजा करीन."

अण्णांनी असा चेहरा केला की मी त्यांच्यासमोर उंबऱ्यावर शिंकले असावे. "वजाबाकी आपल्यात नसते. गेलेलं पुसायचं नाय. दुसऱ्या अंगाला लिवायचं. संपलं असं जगात काय नसतं. कुठं गेलं ते सांगा."

"आमटीत गेलं."

"समदं?"

"लोणच्यात."

"किती?"

आता लोणच्यात मीठ किती गेलं हे कुठली बाई सांगू शकेल? हाताने घालतो आपण. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "हाताला इचारा."

एकदा आमच्या कोंबडीने सावित्रीच्या पेंढ्यात अंडं घातलं. मी सहज बोलून गेले. झालं, त्या दिवशीचा धडा अंड्यावर. कोंबडी आपली, दाणे आपले, पण पेंढा तिचा, ऊब तिची, मग अंडं कोणाच्या नावे? मी म्हटलं, माझ्या. अण्णा म्हणाले, निम्मं. मी म्हटलं, अण्णा, अंडं निम्मं होत नसतं. ते म्हणाले, वहीत होतं. असं आमचं चालू असताना सावित्रीने पलीकडे ते तळलं. वास इकडे आला. अण्णांनी नाक वर करून हुंगलं, लाल पेन काढलं आणि म्हणाले, "मिटलं. तिच्या नावे."

रोज हेच. रात्री मला स्वप्नात केरसुणी दिसायला लागली आणि कोण तरी विचारतंय, झाडलेला केर कुठं गेला? इकडे बैठक जवळ येत होती. कमळ रस्त्यात भेटली की विचारायची, "काकी, हिशेब मिलला का काय?" मी म्हणायची, "मिळेल गो." ती मान डोलवायची. एक दिवस मला म्हणाली, "भट्टीवाल्याचा मानूस येऊन गेला. उचल घेता का इचारत होता. मी अजून काय बोलली नाय."

बैठक दोन दिवसांवर आली तरी अण्णा मिठावरच. त्या सकाळी माझा धीर सुटला. मी वही आपटली. म्हटलं, "अण्णा, बास झालं. मिठाचं काय ते मीठ बघून घेईल. परवा बैठक आहे. खोलीतला तांदूळ जुळत नाही, बायका कमळला चोर ठरवून मोकळ्या झाल्यात. परवा तिची चावी जाणार आणि ती पोरीला घेऊन भट्टीवर जाणार. आणि मी इथे बसून अंड्याचे दोन भाग करतेय."

अण्णांनी दोन्ही कानांवरची पेनं काढली आणि मांडीवर ठेवली. पेनांशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते.

"हे आधी का नाय सांगितलंत?"

मी आपटलेली वही उचलून जवळ घेतली.

"माप कोन घालतं?"

"बहुतेक कमळ. कधी मी, कधी सावित्री. जिची पाळी असेल ती." आमच्याकडे काटा आहे, पण गिऱ्हाईक बायकांचा विश्वास अजून शेराच्या मापावरच.

"घाला बघू एक शेर. माझ्यासमोर."

मी घरातलं माप आणलं. डब्यातून तांदूळ भरला, तळव्याने वरून सपाट केला, सुपात ओतला आणि डब्याचं झाकण लावायला लागले.

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"आत्ता. ओतल्यावर. डब्यात हात घालून काय टाकलंत सुपात?"

"ती मूठ ओ. वरची."

"कसली?"

"कसली म्हणजे? सपाट माप कोणाला देतात का? बरकत जाते. वर एक मूठ घालतातच."

"लिवली कुठं?"

मी हातातलं झाकण खाली ठेवलं. लिहिली कुठंच नव्हती. ती कमळ घालते, सावित्री घालते, मी घालते, आमच्या आया घालत आल्या. ती विक्री नाही आणि दानही नाही. माप घातल्यावर हात आपोआप जातो. लिहायचं कुणाच्या डोक्यात येणार? शेराशेराला एक मूठ, आणि आम्ही पिंजऱ्यात उंदीर मोजत बसलो होतो.

मग मला दुसरं सुचलं. "अण्णा, पण तुम्ही आमची वही बघितली नाही, खोलीत कधी थांबत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

अण्णा रस्त्याकडे बघायला लागले. "मी दर शुक्रवारी दोन शेर नेतो तुमच्याकडून. घरी जाऊन वजन करतो."

"आमच्यावर संशय?"

"सवय. गिरनीतली. शेराचं वजन मला पाठ हाये. दर येळेला जास्त भरतं."

आता मात्र मी खरंच चिडले. म्हटलं, "मला महिनाभर मिठाच्या खड्याचा पत्ता विचारताय, आणि स्वतःच्या पिशवीत फुकटचा तांदूळ आला तो गप ठेवलात?"

"सांगितलं असतं तर तुमी बंद केलं असतं."

अण्णांनी सूप जवळ ओढलं. मग सुपातले तांदूळ बोटाने इकडून तिकडे करत म्हणाले, "मंगल होती तवा, नको म्हटलं तरी एक पळी भात वर वाढायची. मी चिडायचो. ताट मोजून घेतलंय, कशाला वाढवतेस. आता मी घेतो तेवढाच पडतो."

मंगलवहिनींचं नाव त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या गेल्या तेव्हा तेराव्यालाही हा माणूस पत्रावळ्या मोजत होता. आम्ही बायका तेव्हा काय काय बोललो, ते इथे नको.

बैठकीला अण्णा न बोलावता आले. एकेका बाईला शेर भरायला लावला आणि मूठ काट्यावर टाकायला लावली. सगळ्यात मोठी मूठ सावित्रीची निघाली. तिने पदर तोंडाला लावला. महिन्याचे शेर आणि मुठी यांचा मेळ घातला, तर तूट जवळजवळ भरून निघाली. राहिलं ते उंदरांच्या नावे लिहून टाका म्हणाले. मी 'वरची मूठ' म्हणून नवं खातं लिहिलं. चावी कमळकडेच राहिली. सावित्री तिला म्हणाली, "चहाला ये गो उद्या." तिची माफी एवढीच असते.

शुक्रवारी मी खोलीवर होते. अण्णा पिशवी घेऊन आले. कमळने दोन शेर घातले. पण ती पुरती घाबरलेली. पोरीच्या दप्तरातली पट्टी आणून ठेवली होती, तिने माप कडेला कड काटेकोर सपाट केलं आणि हात मागे घेतला.

"झालं, अण्णा."

अण्णा जागचे हलले नाहीत.

"पट्टीनं केलंय. बरोबर हाये."

"दिसलं मला."

मागे दोघीतिघी थांबलेल्या. एकीने विचारलं, "काय झालं ओ?" अण्णांनी पिशवी उचलली नाही. खाली बघूनच म्हणाले, "कमळ, त्याला खातं हाये आता. आक्कांनी लिवलंय. घाल."

कमळने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने तांदळाच्या कट्ट्यात हात घातला. अण्णांनी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं. दोन शेरांच्या दोन मुठी पडल्या, तरी ते तसंच धरून उभे.

मग कमळने माझ्याकडे न बघता अजून एक मूठ घातली. ती मी कुठंच लिहिलेली नाही.