भिंतीला कान लावणाऱ्या कुंदामावशी

आमच्या शेजारच्या कुंदामावशी घरात आल्या की आधी भिंतीला भेटतात, मग आम्हाला. कोट काढायच्या आधी भिंतीला कान लावायचा, दोन बोटांनी टकटक करायची, डोळे मिटायचे. मग निकाल. "हेल्दी आहे." किंवा, "इथे काहीतरी झाकलंय रे बाबा." जन्मभर मिडवाइफची, म्हणजे सुइणीची, नोकरी केलेली बाई, रिटायर झाल्यावर हातांना काम नको?

आम्ही इंग्लंडात लेमिंग्टनला एकाच जॉर्जियन टेरेसमध्ये राहतो. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची, खांद्याला खांदा लावून उभी असलेली पांढरी घरं. बाहेरून सगळी सारखीच. आत मात्र मावशींचा जिना डावीकडे, आमचा उजवीकडे, बाकी सगळं आरशात बघावं तसं. त्यामुळे आमच्या घरात कुठे काय आहे ते आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक.

"या घरात जात आहे बघ," नव्या पाहुण्याला त्या सुरुवातीलाच सांगतात. "मालकांच्या मजल्यावर छत उंच, नक्षीदार. वर नोकरांच्या खोल्यांत डोकं आपटतं. आणि नोकरांनी यायचं कुठून, तर तळघराच्या दाराने. बाबासाहेबांना मानणाऱ्या घरात हे चालणार नाही." म्हणून त्यांच्याकडे झाडून सगळे पुढच्या मोठ्या दारातून येतात. बॉयलर बदलायला आलेल्या प्लंबरने बिचाऱ्याने तो बॉयलर पायऱ्या चढवून पुढच्या दाराने आत नेला आणि मग परत खाली तळघरात उतरवला. चहाबरोबर कांदाभजी मिळाली म्हणून तो काही बोलला नाही.

मावशींचं दुःख एकच, शटर्स. या घरांच्या खिडक्यांना आतून लाकडी शटर्स असतात, दिवसा घडी होऊन खिडकीच्या बाजूच्या खोबणीत बसणारी. मावशींच्या घरातली आधीच्या कुणा मालकाने उपटून फेकून दिली. सुतार नवीन करून द्यायला तयार होता, पण त्याला अस्सल नमुना हवा होता. आणि तो नमुना आमच्या हॉलमध्ये, खिडकीशेजारी ठोकलेल्या लाकडी बोर्डामागे आहे, अशी मावशींची खात्री. दर शनिवारी येऊन तिथे टकटक चालायची.

"मावशी, नुकतंच पेंटिंग झालंय हो," माझी बायको मेघना म्हणायची.

"हो गं. मी नुसतं ऐकतेय."

शेवटी गेल्या शनिवारी मेघनाने हात टेकले. मी बोर्ड काढला तर आत खरंच जुनं लाकूड. मला असा चेव आला की मी पटाशी घालून खेचायलाच लागलो.

"खेचू नकोस." मावशी दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसल्या. "घाई नाही. येऊ दे त्याचं त्याला." वर्षानुवर्षांच्या रंगाने चिकटलेली फट त्या सुरीने अलगद मोकळी करत गेल्या. धुळीच्या नुसत्या नावाने शिंकणारी मेघना टॉर्च धरून श्वास रोखून उभी. करकरत पहिली फळी बाहेर आली, तिच्यामागून दुसरी, बिजागऱ्यांसकट. आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत सुटलो. मावशींनी फळीवरून हात फिरवला. "चांगलं गुटगुटीत आहे," म्हणाल्या.

मी धावत जाऊन टेप आणली. मापं घेतली की ती आजच सुताराला पाठवता येणार होती.

"आज एकाच फळीचं घे," मावशी म्हणाल्या.

"अहो, पाच मिनिटांचं काम. सगळंच उरकून टाकू."

मावशींनी टेपवर हात ठेवला. "उरकू नकोस रे. हे संपलं, की शनिवारी तुमच्याकडे यायला मला निमित्त काय राहणार?"

इतके दिवस शेजारी राहून मी या बाईला साधं जेवायलाही बोलावलं नव्हतं.

मेघनाने माझ्या हातातली टेप काढून घेतली. "आज एकाही फळीचं माप घ्यायचं नाही," ती म्हणाली. "मावशी, हात धुवून या. पिठलं टाकते, जेवूनच जा."