टांझानियावाल्या रूथबाई

"होडी! होडी!" अशी दारातून हाक आली, तेव्हा माझी बायको मंगल तव्यावरची पोळी सोडून बाहेर धावली. परभणीत, भर मे महिन्यात होडी कुठून आली हे तिला बघायचं होतं. दारात सुती साडी नेसलेल्या नि कॅनव्हासचे बूट घातलेल्या साठीतल्या बाई उभ्या.

"मी रूथबाई, शेजारी राहायला आले. होडी म्हणजे आत येऊ का? टांझानियात असंच विचारतात. तुमी म्हणायचं, करीबू, म्हणजे या. म्हणा!"

"करीबू," मंगल पुटपुटली.

"स्पष्ट! पुन्हा!"

तिसऱ्या खेपेला मंगल पास झाली, तेव्हा कुठं बाई आत आल्या. पोळीचा कोळसा झाला होता.

रूथबाई मूळच्या चुडाव्याच्या. वडील मेथडिस्ट मिशनच्या शाळेत मास्तर. बाईही मास्तरीण झाल्या, लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत, आणि तिशीत मिशनतर्फे थेट टांझानियाच्या एका खेड्यात मुलींना शिकवायला गेल्या.

"दादा म्हणले, इतक्या लांब कशाला जायलीस? मी म्हणलं, चुडाव्याला गाडी थांबती, पण पुढंबी जातीच की!"

तिथं सत्तावीस वर्षं. आधी आंब्याखाली वर्ग, मग भिंती, मग पत्रे. पोरींची शाळा सोडवून लग्न लावायला निघालेल्या बापांशी त्या सुरुवातीला चक्क मराठीत भांडल्या. "समजलं त्यांना. आवाज लय होता माझा!"

निवृत्त होऊन परत आल्या, पण शिकवणं काही थांबेना. माझ्या पुतणीची लग्नपत्रिका लाल पेनानं तपासून परत आली. 'आशिर्वाद'भोवती गोल, खाली शेरा : दहापैकी सहा. लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर! सलीमभाईच्या रिक्षात बसल्या की त्याला दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लावायच्या. तो बिचारा म्हणायचा, "बाई, सवारी तुमी, अन् इम्तिहान माझा!"

गेल्या महिन्यात बाई धावतच घरात शिरल्या. "नीमा यायलीय! माझी टांझानियाची नीमा! कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला तिला!"

झालं! गल्लीला आठवडाभर उसंत नाही. घराला रंग लागला, पडदे शिवले गेले, आणि रोज संध्याकाळी ओट्यावर आमची तालीम. "हबारी झा सफारी? म्हणजे प्रवास कसा झाला?"

"सफारी म्हणजे सफर!" सलीमभाई उडालाच. "ही तर आपलीच भाषा की!" बाईंनी त्याला दहापैकी दहा दिले.

स्टेशनवर आम्ही अकरा जण. मुंबईची गाडी दोन तास लेट. बाई सकाळपासून उपाशी, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होत्या. अखेर गाडी आली, माणसं उतरली, पांगली. नीमा नाही. बाईंचा चेहरा पार उतरला. तेवढ्यात अगदी शेवटच्या डब्यातून दोन मोठ्या बॅगा खाली आल्या आणि मागून एक उंच, हसरी पोरगी.

"हबारी झा सफारी!" आम्ही अकराही जण किंचाळलो.

नीमानं बॅगा तिथंच टाकल्या, पळत आली, बाईंना घट्ट मिठी मारली आणि अस्सल आमच्या बोलीत म्हणाली, "बाई, लय वाळल्या की तुमी! जेवलाव का?"

आम्ही सगळे गार.

"हिला आपली भाषा?" मी विचारलं.

बाई नीमाचा हात कुरवाळत होत्या. "हिची माय दुसऱ्या बाळंतपणात गेली. सहा वर्षांची माझ्याजवळ आली. दिवसभर शाळेत शंभर पोरी असायच्या हो. पण सांच्याला घरी आलं की, जेवलीस का, असं आपल्या बोलीत कुणीतरी विचारावं वाटायचं. तिथं कोण विचारणार? म्हणून हिला शिकवलं. पहिलं वाक्य तेच."

"बाई, सांगा ना," नीमा म्हणाली. "जेवलाव का?"

"न्हाई गं. तुझी वाट बघायलते."

नीमानं पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला, फलाटावरच्या बाकड्यावर बाईंना बसवलं, आणि एकेक बिस्कीट त्यांच्या हातावर ठेवू लागली. आम्ही बॅगा उचलून पुढं झालो.