बेलऐवजी दिवा

बाबांना दारावरची बेल ऐकू येईनाशी झाली. एकदा सूनबाई भाजीच्या पिशव्या घेऊन अर्धा तास जिन्यात उभी राहिली आणि आत बाबा निवांत पेपर वाचत बसले. तेव्हा तिने ठरवलं, बेल वाजली की दिवा लागतो असा तयार संच बाजारातून आणायचा. तो आणू दिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तिचा नवरा पडला इंजिनियर.

"तयार कशाला?" तो म्हणाला. "हे तर माझं रोजचं काम!"

ते खरंही होतं. त्याच्या कंपनीत यंत्रांच्या पोटात बसणारे चिमुकले कॉम्प्युटर-बोर्ड बनायचे. त्यावर चालणाऱ्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर गिऱ्हाइकांना नमुन्याचे प्रोग्राम द्यायचे, आणि ते बोर्डावर नीट चालतील अशा सेटिंग्ज करून ठेवायच्या, ही त्याची नोकरी. पहिल्या नमुन्यात दिवा लुकलुकतो. दुसऱ्यात बटन दाबलं की दिवा लुकलुकतो. (नातेवाइकांना तो वीज खात्यात आहे असंच वाटे, आणि समजावून समजावून दमल्यामुळे आता तोही मान डोलवत असे.)

"रिअल-टाइम म्हणजे काय रे?" बायकोने विचारलं.

"सांगितलेलं काम सांगितल्या क्षणी करणारी सिस्टिम."

"अय्या! मग तुझ्यातच बसवून घे ना आधी."

हे ऐकू न आल्यासारखं करून त्याने दुसरा नमुना बोर्डावर चढवला. दाराच्या बटनापासून फ्रिजच्या मागून लांबलचक तार ओढली आणि बाबांच्या खुर्चीसमोर दिवा टांगला. बाबा इतके खूश झाले की स्वतः बाहेर जाऊन बटन दाबून आले. आत येईपर्यंत दिवा विझलेला. पुन्हा गेले, पुन्हा धावत आले. शेवटी सुनेने बाहेर जाऊन दाबलं आणि बाबांनी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. मुलाचा ऊर भरून आला. ऑफिसात त्याच्या दिव्याला आजवर कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

काही दिवसांनी बायको म्हणाली, "बाबा हल्ली दमलेले दिसतात. आणि त्यांची खुर्ची दारात काय करतेय?"

सुट्टीच्या दिवशी त्याने खुर्ची जागेवर नेली, दार लावून घेतलं आणि पाळत ठेवली. फ्रिज घुर्रर्र करून सुरू झाला, आणि त्याच क्षणी दिवा लुकलुकला. "आलो, आलो!" म्हणत बाबा गुडघा धरून उठले. दार उघडलं. जिना रिकामा.

"कोण होतं, बाबा?"

"गेले रे." बाबा ओशाळून हसले. "मी पोचेपर्यंत जातात निघून. माणसांना घाई असते, त्यांचा काय दोष? म्हणून खुर्चीच दारात आणली. दारही उघडंच ठेवतो हल्ली."

मुलाने पटकन लॅपटॉप उघडला, तर चूक समोरच. बटन दाबलेलं नसताना तारेला ठामपणे 'नाही' म्हणायला लावणारी सेटिंग त्याने चालूच केली नव्हती. ऑफिसच्या बोर्डावर हे काम बटनाशेजारचा एक सुटा भाग करायचा. इथे तार अधांतरी होती, आणि फ्रिजने नुसतं खाकरलं तरी 'हो, आलं कोणीतरी' म्हणत होती. एका ओळीचं काम. त्याने ती ओळ दुरुस्त केली, बाबांशेजारी जाऊन बसला आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "बाबा, कोणी परत जात नव्हतं. तो फ्रिज होता. चूक माझी."

बाबांनी मान वळवून फ्रिजकडे बोट दाखवलं.

"म्हणजे इतके दिवस मी ह्याच्यासाठी उठत होतो?"

"हो."

"कोणीच उलट पावली गेलं नाही?"

"कोणीच नाही, बाबा."

बाबांच्या मनावरचं ओझं उतरलेलं त्याला दिसलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एकदम थांबून त्यांनी विचारलं, "पण मग समोरच्या घरातल्या नर्सबाई? त्या रोज येऊन गप्पा मारतात त्या?"

"त्या खऱ्या आहेत. दार उघडं दिसलं म्हणून आल्या असतील."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "मला वाटलं, त्याही फ्रिजमधूनच."

दिवा आता शहाण्यासारखा वागू लागला. नर्सबाई बटन दाबून येत, बाबा घाई न करता उठत आणि त्यांना फ्रिजचा किस्सा पुन्हा पुन्हा सांगत. मुलाने ऑफिसातही ती सेटिंग नमुन्यात कायमची चालू करून टाकली. साहेबांनी विचारलं, "ही चूक सापडली कशी?" तो म्हणाला, "प्रत्यक्ष वापरात, साहेब." (खुर्ची, गुडघा वगैरे तपशील त्याने गाळले.)

एका संध्याकाळी नर्सबाईंनी त्यालाच जिन्यात गाठलं.

"आमचे हे दिवसभर खुर्चीतून हलत नाहीत हो. डॉक्टर म्हणतात चाला, पण ऐकतील तर शपथ. तुमच्या बाबांसारखा एक दिवा करून द्याल का?"

त्याची कॉलर ताठ झाली. "देतो की! आता तर एकदम पक्का झालाय, चुकून म्हणून लागत नाही."

"नको, नको!" बाई घाईघाईने म्हणाल्या. "तुम्ही दुरुस्ती नका करू. तुम्हाला पहिल्यांदा जमला होता ना, तसाच द्या."