चांदीच्या काठीमागून

मर्विनला लागली होती. जोराची. आणि पक्का इंग्रज असल्यामुळे ही गोष्ट कुणाला सांगायची त्याची टाप नव्हती.

एल्डमिन्स्टरच्या सहलीत मित्र डेरेक आणि डेरेकची बायको ड्युलसी यांनी त्याला वेशीपासून बिशपच्या वाड्याभोवतीच्या खंदकापर्यंत फरफटवलं होतं आणि मध्ये पबात बिअरचे मोठे पेले पाजले होते. आता तिघं कॅथेड्रलमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला बसले होते.

"काय रे, खुर्चीला खिळा आहे का?" ड्युलसी कुजबुजली.

"कुठं काय!"

"मग घोड्यासारखे पाय काय आपटतोयस?"

"भक्ती गं, भक्ती."

तो हळूच उठला आणि खांबाआड उभ्या असलेल्या, निळा पट्टा लावलेल्या स्वयंसेविकेकडे गेला. देवाच्या घरात 'संडास' म्हणायचं? इंग्रज माणूस आधी फुटेल, मग बोलेल.

"बाईसाहेब, मला जरा... म्हणजे... फार उशीर व्हायच्या आत..."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "आलात का! केव्हाची वाट बघतोय तुमची. त्या कडेच्या खुर्चीवर बसा, न्यायला येतील."

वाट बघतायत? मर्विनला नवल वाटलं. पण एवढी सोय करणाऱ्या माणसाला उलट प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. तो बसला.

गायकवृंदाचं गाणं संपलं. काळ्या झग्यातला चोपदार चांदीची काठी घेऊन संथ पावलांनी आला आणि मर्विनपुढे कमरेत वाकला. संडासाला न्यायला एवढा थाट! मर्विनला भरून आलं. तोही वाकला, पण बेतानं. फार वाकणं परवडणारं नव्हतं.

चोपदारानं त्याला नेऊन उभं केलं ते पितळी गरुडापुढे. गरुडाच्या पंखांवर बायबल उघडं होतं आणि समोर सगळी सभा कान टवकारून बसली होती. आज वाचणारा माणूस आला नव्हता आणि त्याच्या जागी मर्विन पकडला गेला होता.

'चूक झाली' एवढं म्हटलं असतं तर सुटला असता. पण मग त्या निळ्या पट्टेवाल्या बाई चारचौघांत ओशाळल्या असत्या. परक्या बाईचं मन राखायला स्वतःचं मूत्राशय पणाला लावणारी ही जात! त्यानं वाचायला सुरुवात केली.

नेमका नोहाचा प्रलय निघाला. आभाळ फुटलं, झरे फुटले, पाणी चढतच गेलं. मर्विनचा आवाज कापत होता, गुडघे एकमेकांना घट्ट धरून होते. 'पाणी' आलं की डोळे आपोआप मिटत. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं रुमाल काढला.

"याला देव भेटला की काय?" ड्युलसीनं विचारलं.

"बिअर भेटलीय," डेरेक म्हणाला.

वाचन संपलं. चोपदार त्याला खुर्चीकडे नेऊ लागला, तसा मर्विन त्याच्या कानाशी लागला. "खुर्ची नको हो. संडास. आत्ता!"

चोपदाराच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्यानं काठी वळवली आणि त्याच शाही चालीनं निघाला. त्याला ओलांडून पळणं म्हणजे घोर असभ्यपणा. मर्विन गुडघे जोडून मागोमाग सरकत राहिला. लोकांना वाटलं, हाही विधीच. ते भराभर उभे राहिले, माना लवल्या.

बाजूच्या बोळात एक अरुंद दार होतं. मर्विननं मागे पाहिलं. पाठीशी शिस्तीत रांग लागली होती: मुख्य धर्मगुरू, त्यांच्यामागे दोन पांढऱ्या केसांचे पाद्री आणि शेवटी डेरेक.

"काय वाचलंत हो!" धर्मगुरू या पायावरून त्या पायावर होत म्हणाले. "ते पाणी ऐकून आमच्यापैकी कुणाला बसवेना."

"एकच आहे?" मर्विननं दाराकडे बघत विचारलं.

"एकच. एवढे मनोरे बांधले, पण हे कुणाला सुचलं नाही." त्यांनी दार उघडून धरलं. "आपण पाहुणे. आधी आपण."

मर्विननं त्यांच्या थरथरत्या पायांकडे पाहिलं. बसच्या दारात, दुकानाच्या रांगेत, स्वतःच्या लग्नाच्या केकपुढेसुद्धा तो 'छे छे, आधी तुम्ही' म्हणत आला होता.

तो आत शिरला आणि त्यानं कडी लावली.

बाहेर तिन्ही पाद्र्यांचं 'आधी तुम्ही' सुरू झालं होतं.